पडद्याशेजारी पेटीला जागा ठेवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या ३० एप्रिलला, दादासाहेब फाळके यांच्या जयंतीच्या संध्याकाळी, आमच्या नाशिकमधल्या एका संस्थेनं त्यांचा १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ हा मूकपट दाखवला. मी पंचवटीतून मुद्दाम गेले होते. सोबत नऊ वर्षांची नात होती. शंभर वर्षांपूर्वीचा बाळकृष्ण तिला दाखवायचा, एवढीच हौस.

पाचव्या मिनिटाला मागच्या रांगेतली मुलं हसायला लागली. पडद्यावर हसण्याजोगं काही नव्हतं. गोकुळातली माणसं नुसती चालत होती, पण चालत होती ती तुरुतुरु, किल्ली दिलेल्या बाहुल्यांसारखी. चित्र पडदाभर ताणलेलं, त्यामुळे चेहरे रुंद आणि चपटे. लॅपटॉपमधून एक तयार धून वाजत होती. घरात तीच, यमुनेच्या काठी तीच, पाण्याखालीही तीच. शेवटी कालियाच्या फण्यावर उभा राहून कृष्ण वर येतो. नेमकी त्याच वेळी धून संपली. सभागृहात पंख्यांची घरघर तेवढी ऐकू यायला लागली. मग धून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. कृष्ण नाचतोय आणि सूर नमनाचे. नातीनं माझ्या कानाशी लागून विचारलं, “आजी, परत पहिल्यापासून दाखवणार का?”

कार्यक्रम संपल्यावर मी आयोजकांपैकी एका मुलाला गाठलं. मुलगा चांगला होता. मला खुर्ची दिली, पाणी आणून दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मावशी, मूकपटच ना हा. त्याला आवाज नव्हताच.”

त्या एका वाक्यापायी हे पत्र लिहिते आहे. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही, तर कळणार कुठून? फितीवर आवाज नव्हता, हे खरं. पण ती फीत जिथं दाखवायचे तिथं पेटी होती, तबला होता, मुंबईच्या साहेबी थिएटरांत पियानो आणि व्हायोलिन होतं, आणि पडद्यावर मधे मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूसही असायचा. मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या घरातच कळलं.

माझे आजोबा तंबूतल्या सिनेमाला पेटी वाजवत. १९२५-२६ च्या सुमाराला ते विशीत होते. जत्रा-यात्रांमागे फिरणारा एक तंबू होता. सिन्नर, निफाड, येवला, चैत्रात वणीची सप्तशृंगीची यात्रा, असा त्याचा फेरा. पडद्याच्या पुढ्यात डावीकडे पायपेटी, पलीकडे तबलजी. पेटीवर कंदील ठेवायचा आणि त्याला तीन बाजूंनी पत्रा लावायचा, म्हणजे उजेड पडद्यावर जाऊ नये. आजोबा सांगत, की त्यांना त्या उजेडाची गरजच नसायची. नजर वर, मान मागं, बोटं आपापली चालत. म्हातारपणी त्यांची मान दुखायची तेव्हा ते म्हणत, “ही सिनेमानं दिलेली आहे.” पण म्हणताना चेहऱ्यावर आनंद असायचा.

यंत्र हातानं फिरवायचं होतं. फिरवणारा दमला की पडद्यावरची माणसं संथ व्हायची. मग आजोबांनी लय उतरवायची. तो ताजातवाना होऊन जोरात फिरवायला लागला की तबलजीनं दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत, जायचं. यंत्र एकच असल्यामुळं एक रीळ संपून दुसरं चढेपर्यंत मधे तंबूत अंधार. त्या वेळात लोक बिथरू नयेत म्हणून ‘सौभद्रा’तलं एखादं पद पूर्ण वाजवायचं. लोक त्या पदाची वाट बघत, म्हणे. पाट्या वाचायला शाळेतले एक निवृत्त मास्तर होते. पडद्यावर पाटी आली की ते खणखणीत आवाजात वाचत, वर स्वतःच्या पदरची दोन वाक्यं जोडत. सीतेचं दुःख आलं की मास्तरांचाच गळा भरून यायचा, आणि आजोबा त्यांचा आवाज सावरेपर्यंत एकच सूर धरून थांबायचे.

पुढं १४ मार्च १९३१ ला गिरगावात मॅजेस्टिकला ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट लागला. १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. फाळक्यांनी १९१३ साली मुका दाखवलेला हरिश्चंद्र एकोणीस वर्षांनी मराठीत बोलायला लागला. आमच्या तालुक्यांत बोलपट पोचायला थोडा वेळ लागला, पण पोचला तेव्हा तंबूच्या मालकानं आजोबांना आणि तबलजीला एकाच दिवशी निरोप दिला. आजोबा दोन महिने घरी बसून होते. मग एका हरदासांनी त्यांना साथीला बोलावलं, आणि पुढची चाळीस वर्षं त्यांनी नारदीय कीर्तनाला पेटी वाजवली.

त्यांनीच मला शिकवलं. सदतीस वर्षं मी कीर्तनाला साथ करते आहे. माझ्या साथीबद्दल लोक चार शब्द बरे बोलतात, त्याचं मूळ कुठं आहे हे मला ठाऊक आहे. आजोबा मला पहिली दोन वर्षं डोळे पेटीकडं नेऊ देत नव्हते. “बुवांकडं बघ. पेटी कुठं पळून जात नाही.” बुवांनी उपरणं खांद्यावर सारखं केलं की आता साकीचं पद येणार. चिपळ्यांचा हात खाली आला की कटाव, म्हणजे भरभर म्हणायचं ते पद्य, संपत आला. आख्यानात कुणी रडणार असेल तर बुवांचा आवाज बदलायच्या आधी त्यांचा खांदा उतरतो. तेवढ्यात पेटीनं मंद्रात, म्हणजे खालच्या सुरांत, यायचं. हे सगळं आजोबा तंबूत शिकले होते. मुक्या माणसांच्या खांद्याकडं बघून.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. मूकपट दाखवायचा असेल तर पडद्याशेजारी माणूस बसवा आणि त्याला पडद्याकडं बघून वाजवू द्या. तयार धून लावणार असाल, तर अर्धाच मूकपट दाखवला असं समजा.

चार वर्षांपूर्वी आमच्या भजनाच्या वर्गातल्या मुलांसाठी आम्ही घरगुतीच एक प्रयोग केला. तबलजींच्या मुलानं प्रोजेक्टर आणला, वाड्याच्या चौकात पांढरी चादर बांधली, आणि ‘कालिया मर्दन’च लावला. पेटीवर मी, तबल्यावर आमचे नेहमीचे तबलजी, बासरीला कॉलेजातला एक मुलगा, आणि झांजा वर्गातल्याच एका मुलीकडं. चाळीसेक मुलं सतरंजीवर. आधी पंधरा दिवस आम्ही रोज रात्री तो चित्रपट बघत होतो. त्यातलं थोडं सविस्तर सांगते, कारण साथ म्हणजे काय ते त्यातूनच कळेल.

चित्रपटाची सुरुवातच विलक्षण आहे. कृष्णाची भूमिका दादासाहेबांच्या मुलीनं, मंदाकिनीनं केली आहे. तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती. गोष्ट सुरू व्हायच्या आधी दादासाहेब नुसता तिचा चेहरा जवळून दाखवतात. त्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव येतात आणि जातात. बाप कॅमेऱ्यामागं उभा आहे आणि लेक त्याच्याकडं बघून हसते, रुसते, चिडते आहे, असं मला दर वेळी वाटतं. पहिल्या रात्री मी हौसेनं प्रत्येक भावाला वेगळा राग वाजवून बघितला. हसली की एक, रुसली की दुसरा. तबलजी म्हणाले, “ताई, पोरगी बाहुली दिसायला लागली.” खरंच होतं ते. चेहरा इतकं बोलत असताना पेटीनं मधे मधे करायचं नसतं. दुसऱ्या रात्रीपासून मी तिथं फक्त षड्ज-पंचम, म्हणजे सा आणि प, धरला. भाता अगदी हलका, सूर आहे की नाही असा. त्या सुरावर मंदाकिनीच्या भुवया उचलल्या गेलेल्या दिसल्या. आधी माझं त्यांच्याकडं लक्षच गेलं नव्हतं.

गोकुळातल्या खोड्यांना आम्ही गवळणीच्या चाली घेतल्या, ठेका धुमाळी. ते सोपं होतं, आमच्या रोजच्या हाताखालचं. मुलांनी टाळ्या धरल्या. धरू दिल्या. यमुनेच्या काठावरच्या दुपारी वृंदावनी सारंग. त्यालाही फार डोकं लढवावं लागलं नाही.

खरा प्रश्न डोहाचा होता. कृष्ण डोहात उडी घेतो. मग पाण्याखाली कालियाशी झुंज, आणि मधूनमधून काठावर जमलेली, घाबरलेली माणसं. एकदा खाली, एकदा वर, पुन्हा खाली. १९१९ साली असं दोन ठिकाणी एकाच वेळी चाललेलं दाखवणं म्हणजे केवढी दृष्टी! बासरीवाल्या मुलाला झुंजीत जोरदार काहीतरी वाजवायचं होतं. त्यावरून आमचा दोन रात्री वाद झाला. मी म्हटलं, “बासरी कृष्णाची. कृष्ण पाण्यात आहे. तू वाजवायचं नाहीस.” त्याला पटेना. शेवटी एकदा करून बघू म्हणाला.

उडी पडली तेव्हा आम्ही तिघंही थांबलो. पूर्ण. सतरंजीवरच्या एका लहान मुलीनं हुंकार दिला तेवढाच आवाज. पाण्याखाली पेटीचे मंद्र सप्तकातले दोनच सूर, भाता ओढून ओढून, आणि तबल्याचा डग्गा एकटा, तळव्यानं दाबून. काठावरची माणसं आली की जोगिया रागाचे चार सूर, कोमल रिषभावर थांबत. पुन्हा पाणी, पुन्हा डग्गा. बासरी मांडीवर आडवी. तो मुलगा पडद्याकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं. पाणी हललं, फणा वर आली, तिच्यावर कृष्ण. त्या मुलानं बासरी ओठाला लावली तेव्हा मी मान हलवायची गरजही पडली नाही. पहिला सूर तार षड्ज, वरचा सा. मग तबला भजनी ठेक्यात शिरला, झांजा आल्या, आणि चाळीस मुलं आपण होऊन उठून उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. गोपाळकाल्याला उभी राहतात तशी.

जयंतीच्या कार्यक्रमातही हाच चित्रपट होता, हीच फण्यावरची मूर्ती होती. तिथं मुलं हसली. म्हणून मला वाईट वाटलं.

आता वेगाबद्दल. ही गोष्ट तांत्रिक आहे, पण आयोजकांनी एवढी समजून घ्यावीच. त्या काळी कॅमेरा हातानं फिरवत. सेकंदाला साधारण सोळा ते वीस चौकटी टिपल्या जात. बोलपट आल्यावर तो वेग चोवीसला पक्का झाला, कारण आवाजाला एकच वेग लागतो. सोळाच्या वेगानं टिपलेली फीत चोवीसनं पळवली की माणसं दीडपट वेगानं धावतात. आपल्या आजी-पणज्यांच्या काळची माणसं तशी तुरुतुरु चालत नव्हती हो. ती आपल्यासारखीच चालत होती. फुटांचा हिशोब करून बघा. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी जाहिरातीत ३,७०० फूट दिलेली होती. पस्तीस मिलिमीटरच्या फितीत एका फुटात सोळा चौकटी बसतात. म्हणजे सोळाच्या वेगानं सेकंदाला बरोबर एक फूट, आणि सगळा चित्रपट एक तासाहून दीड-दोन मिनिटंच जास्त. चोवीसनं पळवला तर तोच एक्केचाळीस मिनिटांत संपतो. वीस मिनिटं गेली कुठं? तारामतीच्या थांबण्यातली गेली, हरिश्चंद्राच्या मान खाली घालण्यातली गेली. साथीदाराला सूर धरायला जागा असते ती तिथंच. वेग चुकला की पेटीवाला कितीही तयारीचा असला तरी त्याच्या हातात काही राहत नाही.

आजच्या संगणकावर वेग कमी करणं दोन मिनिटांचं काम आहे, असं तबलजींचा मुलगा सांगतो. आमच्या प्रयोगाला त्यानंच तो केला होता. चित्र ताणायचं नाही, हेही त्याच वेळी बघता येतं. मूकपटाची चौकट आजच्या टीव्हीसारखी आडवी नसते. जुन्या टीव्हीसारखी, चारास तीन. दोन्ही बाजूंना काळं राहिलं तर राहू द्या. मंदाकिनीचा चेहरा चपटा होण्यापेक्षा ते बरं.

काही जण म्हणतील, हे सगळं परदेशी खूळ आहे. परदेशात हे जोरात चालतं हे खरंच. उत्तर इटलीत पोर्देनोने नावाच्या गावात १९८२ साली सुरू झालेला मूकपटांचा महोत्सव भरतो, तिथं चित्रपट साथसंगतीनंच दाखवतात, आणि तरुण साथीदारांना तिथं शिकवतातही. १९९४ साली तिथं आपल्या देशातले मूकपट नेले होते. ‘प्रपंच पाश’ (१९२९) या मूकपटाला नितीन सॉनी यांनी नव्यानं संगीत दिलं आणि २००७ साली तो लंडनच्या ट्रफाल्गर चौकात उघड्यावर, वाद्यवृंदासह दाखवला गेला. ‘शिराझ’ (१९२८) साठी अनुष्का शंकर यांनी संगीत रचलं, २०१७ साली लंडनला वाजवलं आणि नंतर त्यांचा ताफा आपल्याकडंही आला, मुंबईतही वाजवून गेला. जपानात मूकपटाशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे ‘बेन्शी’ असत. आजही काही जण ती कला करतात. त्यांच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजोबांच्या तंबूतले मास्तरच आठवले.

पण खूळ म्हणाल तर ते आपलंच आहे, आणि सिनेमाच्या कितीतरी आधीचं आहे. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातले चित्रकथी आहेत. एकेक चित्र समोर धरायचं आणि वाद्यांच्या साथीवर रामायण-महाभारतातली आख्यानं गाऊन सांगायची. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कल्याणचे पटवर्धन १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावानं काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ करत होते. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा सिनेमाचा खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलात झाला तो ७ जुलै १८९६ ला, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. आपल्या माणसानं चित्र दाखवताना तोंड मिटून घेतलं, असं कधी झालं नाही. मग फाळक्यांचा कृष्णच लॅपटॉपच्या धुनेवर का नाचवायचा?

आणखी एक बोलणं मला ऐकावं लागतं. मूळ संगीत कुठं लिहून ठेवलेलं नाही, मग काहीही लावलं तर काय बिघडलं? मूळ संगीत नाही हे बरोबर आहे. आजोबांनी येवल्यात जे वाजवलं ते वणीत वाजवलं नसेल. म्हणूनच बघून वाजवायचं. गिटार घ्या, की-बोर्ड घ्या, मुलांचा बँड बसवा, माझी कशालाच हरकत नाही. पेटीच हवी असाही हट्ट नाही, जरी शीर्षकात मी ती लिहिली असली. हट्ट एवढाच, की वाजवणाऱ्याचे डोळे पडद्यावर हवेत.

आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट झाले असं सांगतात. त्यांतले आज अगदी थोडेच उरले आहेत, तेही बरेचसे तुटक. ‘राजा हरिश्चंद्र’चं पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा १९२५ सालचा ‘सावकारी पाश’ नाहीच. त्यात तरुण व्ही. शांताराम, आपले शांतारामबापू, शेतकऱ्याच्या भूमिकेत होते. त्या काळची नायट्रेटची फीत पेटते, कुजते, चिकटते, आणि त्या वेळी तिचं मोल कुणाला वाटलं नाही. जे उरलं त्यातलं पुष्कळसं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळं उरलं. १९६४ साली ते सुरू झालं, आणि तिथल्या पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून डबे गोळा केले म्हणून मी मंदाकिनीच्या भुवया बघू शकले. इतक्या कष्टानं वाचलेली गोष्ट आपण दीडपट वेगानं, ताणून दाखवावी, हे मला सहन होत नाही.

नाशिककरांवर तर याची जबाबदारी जास्त आहे. दादासाहेब १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले, हिंदुस्थान फिल्म कंपनी त्यांनी नाशिकला चालवली आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्येच ते गेले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. दर ३० एप्रिलला हार घातले जातात, भाषणं होतात. ती होऊ द्यावीत. पण त्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर लेण्यांच्या पायथ्याशी उघड्यावर एक पडदा लावावा आणि त्यांचा एक मूकपट साथसंगतीनं दाखवावा, अशी माझी जाहीर विनंती आहे. दर वर्षी ‘कालिया मर्दन’च असला पाहिजे असं नाही. ‘लंका दहन’चा जो भाग उरला आहे तो दाखवावा. कधी दादासाहेबांचा नसलेला, पण तरुणपणच्या ललिता पवार ज्यात आहेत तो ‘दिलेर जिगर’ (१९३१) दाखवावा. त्याला पखवाज आणि हलगी काय रंगेल!

शहरात गांधर्व महाविद्यालयाच्या संगीताच्या परीक्षा देणारी शेकडो मुलं आहेत. विशारद होईपर्यंत ती मंचावर एकटीच वाजवतात, डोळे मिटून. त्यांना दहा मिनिटांचा एक मूकपटाचा तुकडा द्या आणि डोळे उघडे ठेवून वाजवायला सांगा. साथ शिकायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही. कीर्तनं कमी झाली, नाटकातली ऑर्गनची साथ कमी झाली. बघून वाजवायची सवय या मुलांना लागणार कुठं?

आणि साथीदाराला बिदागी द्या. थोडी द्या, पण द्या. चित्रपट आदल्या दिवशी हातात ठेवून “जरा मागं काहीतरी वाजवा” असं सांगू नका. पंधरा दिवस आधी द्या, पाट्या लिहून द्या, एकदा तरी त्याच पडद्यावर, त्याच वेगानं तालीम होऊ द्या. निमंत्रणपत्रिकेवर पाहुण्यांची नावं असतात तिथंच पेटीवाल्याचं, तबलजीचं नाव छापा. आजोबांचं नाव त्या तंबूच्या एकाही जाहिरातीत नव्हतं. ते याबद्दल कधी बोलले नाहीत. पण माझं नाव एका कीर्तन महोत्सवाच्या पत्रिकेत पहिल्यांदा छापून आलं, तेव्हा ती पत्रिका त्यांनी घडी करून पोथीत ठेवली. ती अजून तिथंच आहे.

जयंतीच्या कार्यक्रमात भेटलेल्या त्या मुलानं हे पत्र वाचलं, तर त्यानं मला जरूर भेटावं. आमची चौघांची तयारी आहे. बासरीवाला मुलगा आता नोकरीला पुण्यात असतो, पण आदल्या रात्रीच्या गाडीनं येईन म्हणाला आहे. पेटी माझी मी घेऊन येईन. बसायला मात्र पडद्याच्या डाव्या हाताला, जमिनीवर, पडद्यापासून निदान आठ हात लांब जागा ठेवावी. त्याहून जवळ बसलं तर मान फार वर करावी लागते.

आपली नम्र,
कीर्तनातली एक पेटीवादक
पंचवटी, नाशिक